सुगंधाबाईंचं ऊन

सुगंधाबाई माझ्या थोरल्या जाऊ. मी त्यांना बाई म्हणते. आमच्या राजुऱ्याच्या घरात कोणाचं बोट कापलं तर त्या आधी टोमणा मारतात, मग हळद लावतात. माझं माहेर चामोर्शीकडचं, भात खाणारं. लग्नानंतर मी पहिल्यांदा केलेली पोळी त्यांनी उजेडाकडे धरली अन् म्हणाल्या, "काऊन वं रीता, चामोर्शीत पापडालेच पोळी म्हंतात काय?" मला रडायला यायच्या ऐवजी हसायलाच आलं. तिथूनच आमचं जमलं.

पण होळी झाली की बाई हळूहळू मिटायच्या. बोलणं कमी, जेवणं कमी, दुपारची झोप संध्याकाळपर्यंत. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस आडवा पडला तर त्याला कोणी कारण विचारत नाही. ऊन लागलं, संपलं. मग भाजलेल्या कैरीचा गर अंगाला चोळायचा, कांदा तळपायाला घासायचा, पन्ह्याचा गडवा उशाशी. मृग लागला की बाई उठायच्या, पहिला टोमणा माझ्या वाट्याला यायचा, अन् सगळे म्हणायचे, पाहा, ऊनच होतं.

त्या वर्षी मात्र बाई फारच खोल गेल्या. केस विंचरायच्या नाहीत. महाकालीच्या फोटोला रोज जास्वंद वाहणारी बाई, ती देवघराकडे पाहायचीसुद्धा नाही. फूल मी वाहू लागले. देवीला म्हणायचे, आई, एवढा उन्हाळा लवकर सरू दे.

बाईंचे यजमान, म्हणजे माझे भासरे गुणवंतराव, मी त्यांना भाऊजी म्हणते, त्यांनी तर उन्हाशी युद्धच मांडलं. माणूस अबोल, पण बायकोवर फार जीव. जुना कूलर काढून लग्नघरात लावतात तसला मोठा कूलर आणला. खिडकीला गोणपाट लावलं, त्यावर दर तासाला पाणी. खोलीत दिवसाही अंधार. तरी बाई "बरं नाई वाटून राह्यलं" म्हणाल्या, की भाऊजी लगेच जलालुद्दीनभाऊंना फोन लावायचे.

जलालभाऊ आमचे कूलरवाले. दर साली कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला येतात, अन् बाई कितीही मलूल असल्या तरी पडल्या पडल्या त्यांना एक टोमणा देतातच. "जलालभाऊ, तुमचा कूलर हवा कमी देते, कव्वाली जास्त गाते." ते खो खो हसतात अन् चहा मागतात.

त्या वर्षी ते पहिल्यांदा आले, ताट्या बदलून गेले. दुसऱ्यांदा आले, पंप बदलला. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा त्यांनी खोलीत शिरल्या शिरल्या खांद्यावरचा दुपट्टा अंगाभोवती गुंडाळला.

"गुणवंतभाऊ, मलेच हिव भरून राह्यलं इथी. आता काय बर्फाचा कारखाना लावू?"

"मग तिले आराम काऊन नाई पडून राह्यला?" भाऊजी तडकले. "तुमच्या मोटरीत दम नाई."

जलालभाऊंनी बाईंकडे पाहिलं. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "बाई, यंदाचा कूलर कसा गाते?"

बाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला.

जलालभाऊंनी कूलर बंद केला. एकदम शांत झालं. ते बाहेर ओसरीवर येऊन बसले. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"भाऊ, नाराज नका होऊ. कूलर ठीक हाये. पण तीनदा आलो, बाईनं मले एकही शिवी दिली नाई. हे उन्हाचं काम नाई. आमच्या सुनेचं, सुलतानाचं बाळंतपण झालं तवा ती अशीच झाली होती. हासे नाई, रडे नाई, लेकराकडे पाहे नाई. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात, तिथी नेलं."

भाऊजी उभेच राहिले. "म्हणजे माही बायको पागल हाये काय?"

"सुलताना पागल हाये काय? परवा तुमीच तिच्या हातची बिर्याणी दोनदा घेतली."

तेवढ्यात दारातून आवाज आला. बाई चौकट धरून उभ्या होत्या.

"मले गर्मी होतच नाई वो," त्या भाऊजींना म्हणाल्या. "कूलर लावला तरी तेच, नाई लावला तरी तेच. सकाळ झाली का वाटते, कायले झाली. तुमी सगळे म्हणे ऊन, मी बी म्हटलं, असन ऊन."

भाऊजींनी बाईंना धरून ओसरीवर बसवलं. मग हळूच म्हणाले, "दर साली?"

"दर साली. यंदा जास्त."

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं चंद्रपूरला गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या. झोप, भूक, आवडीचं काम करावंसं वाटतं का, किती दिवसांपासून, सगळं विचारलं. मरून जावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. बाई म्हणाल्या, "मरावं नाई वाटत, पण उठावंही नाई वाटत." डॉक्टरबाई म्हणाल्या, हे नैराश्य आहे, आजार आहे, याला औषध आहे. कोणाला पावसाळ्यात येतं, कोणाला थंडीत, काहींना उन्हाळ्यातच. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच बंद करू नका. अंधारात पडून राहू नका, ऊन चढायच्या आत रोज फिरून या.

भाऊजींनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, कूलर चालू ठेवू का?"

"ठेवा ना, उन्हाळा आहे," त्या हसून म्हणाल्या.

मग भाऊजींनी गोणपाट काढलं. पहाटे दोघं फिरायला निघायचे, ते पुढे, बाई मागे. पहिले काही दिवस काहीच फरक दिसेना. मी देवीला उन्हाळा सरू दे म्हणणं सोडून दिलं. गोळी रोज वेळेवर आठवू दे, एवढंच मागायचे.

एका सकाळी मी गच्चीवर कुरड्या घालत होते. मागून पावलं वाजली. बाई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या.

"रीता, ह्या कुरड्या हायेत का चिमणीचे खोपे?"

मी आनंदानं ओरडतच चिकट हातांनी त्यांना मिठी मारली. आरडाओरडा ऐकून भाऊजी धावत वर आले. "काय झालं? काय झालं?"

"बाईनं टोमणा मारला!"

भाऊजींनी तोंड फिरवून दुपट्ट्यानं डोळे पुसले. "काय ऊन हाये बाप्पा," ते म्हणाले. ऊन अजून गच्चीवर आलंही नव्हतं.

यंदा संक्रांत झाल्यावर बाई स्वतःच म्हणाल्या, "कूलरच्या ताट्या मागून पाहू. पहिले मले डॉक्टरबाईकडे न्या." उन्हाळ्याच्या तोंडी गोळी वाढवायची की नाही, ते डॉक्टरबाई ठरवतात. जास्वंद आता पुन्हा बाईच वाहतात, अन् माझ्याकडे वाती वळायचं काम दिलंय, तेही नावं ठेवून.

परवा जलालभाऊ आले. खिडकीबाहेर स्टुलावर चढून ताट्या बसवता बसवता आत डोकावले.

"बाई, रीताले टोमणा पहिले भेटला. मले काऊन नाई?"

"रांगेत उभे राहा, भाऊ," बाई तांदूळ निवडत म्हणाल्या. "तिच्या कुरड्यांचेच टोमणे अजून सरले नाईत."