केस कोण विंचरतं

शाळेतली नोकरी सुटल्यावर मल्लेश्वरमच्या आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा एका खासगी हॉस्पिटलात मला काम मिळालं. तिथे खांद्याच्या नव्या शस्त्रक्रियेवर संशोधन चालू होतं. खांद्यातला फाटलेला स्नायू पूर्वी धातूच्या स्क्रूने हाडाला बसवत. आता तीन बारीक भोकांमधून, काही महिन्यांत आपोआप विरघळणारे स्क्रू घालून बसवायचा. ऑपरेशन झालेल्या माणसांना ठरलेल्या दिवशी फोन करायचा, बारा प्रश्न विचारायचे आणि उत्तरं आकड्यांत भरायची, हे माझं काम. दुखणं अजिबात नसेल तर शून्य, सहन होत नसेल तर दहा. मला कन्नड आणि मराठी दोन्ही येतं म्हणून घेतलं होतं. आमचं घराणं किती पिढ्यांपासून इथे आहे ते आम्हालाच सांगता येत नाही.

पहिला महिना लोकांचा संशय झेलण्यात गेला. "ओटीपी मागणार असाल तर आधीच सांगा," असं एक गृहस्थ म्हणाले होते. दुसऱ्या एकाने माझ्याकडून डॉक्टरांच्या खोलीचा मजला वदवून घेतला आणि मगच उत्तरं दिली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी स्वतःही अनोळखी नंबर उचलत नाही.

माझ्या यादीत शहराबाहेरच्या आनेकलची एक बाई होती. निपाणीकडची, कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवणारी, चाळिशीच्या आतली. उजवा खांदा. सहाव्या आठवड्याच्या फोनला तिने पाच, सहा, सात असे आकडे सांगितले. तिसऱ्या महिन्यात सगळ्या बारा प्रश्नांना शून्य. मी प्रश्न पुरा करायच्या आत ती शून्य म्हणायची आणि मागे कोणीतरी बाई हळू बोलत असायची. सहाव्या महिन्यातही तेच झालं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती शून्यांची ओळ मला खुपायला लागली. सर्जन तरुण होते, हुशार होते. बोलायला गोड. त्याच आठवड्यात ते आमच्या कोऑर्डिनेटर मॅडमना म्हणाले होते, "आपले आकडे फार सुंदर येताहेत." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. या बाईला कोणी पढवलंय का? वॉर्डातल्या सिस्टरनी सांगून ठेवलं असेल का, की फोन आला की चांगलंच सांगा? मी बाकीच्या ओळीही तपासायला लागले आणि जिथे शून्य दिसेल तिथे मला कोणाचा तरी हात दिसायला लागला.

शेवटी मी तिला पुन्हा फोन केला. फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न विचारला.

"तुम्हाला असं सांगायला कोणी सांगितलंय का?"

ती म्हणाली, "कुनी सांगटलं न्हाई. तुमी खरंच हास्पिटलातल्या हाय काय, अक्का? आजवर असलं कुनी इचारलं न्हवतं."

"हॉस्पिटलातलीच आहे."

"मग इस्वास नसंल तर घरला या की."

रागाने म्हणाली की खरंच बोलावत होती, ते मला कळलं नाही. पण त्या रविवारी मी मार्केटच्या बसस्टँडवर जाऊन आनेकलची बस धरली. पत्ता कामाच्या पडद्यावरूनच उतरवून घेतला होता. आपण काहीतरी चुकीचं करतोय हे बसमध्ये बसल्यावर मनात आलं, तरी उतरले नाही.

एका रांगेतल्या सहा खोल्यांपैकी शेवटची तिची. उंबऱ्यात ती पाठमोरी बसली होती आणि दुसरी एक बाई तिची वेणी घालत होती. ती तिची जाऊ. मी कोण ते सांगितल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वेणी घालून झाल्यावर माझी पेशंट चहा ठेवायला उठली तेव्हा फळीवरची साखर तिने डाव्या हाताने काढली.

"उजवा हात वर करा बघू," मी म्हटलं.

हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला.

"दुखतंय?"

"न्हाई."

"आणखी वर?"

"त्याच्या वर मी न्हेतच न्हाई. न्हेलं की जीव जातो."

"मग फोनवर शून्य कसं सांगता?"

तिला माझा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "तुमी इचारता, केस विंचरताना दुखतंय काय. मी कुठं विंचरतो? जाऊ विंचरती. फळीवरचा डबा काढताना दुखतंय काय. जाऊ काढती, न्हाईतर मी डाव्या हातानं. मग खोटं कशाला सांगू? शून्यच की."

फोनवर मागे बोलणारी बाई ही जाऊच होती. कोणी पढवलं नव्हतं. व्यायामासाठी बोलावलं होतं तेव्हा कारखान्यात सुट्टी मिळाली नाही, मग जाणं राहून गेलं. मशीनवर हात खालीच असतो, त्यामुळे काम चालत होतं. मी इतके दिवस ज्या खोट्याच्या मागावर होते ते कुठेच नव्हतं, आणि आकडे मात्र खोटे होते. परतताना बसमध्ये मला स्वतःची लाज वाटत होती.

सोमवारी मी सर्जनना सगळं सांगितलं. ते कन्नडमध्ये, अगदी हळू आवाजात बोलले.

"तुम्ही पेशंटच्या घरी गेलात. कोणाच्या परवानगीने?"

"कोणाच्याच नाही, सर."

"तुम्हाला कोणी पाठवलं?"

मी तिला विचारला तसाच प्रश्न आता मला विचारला जात होता. दुसऱ्या विभागाने त्यांचं काम पाडायला मला पुढे केलंय, अशी त्यांना शंका होती. मी नाही म्हटलं, पण त्यांना पटलेलं दिसलं नाही. कोऑर्डिनेटर मॅडमनी दुपारीच मेमो दिला. रुग्णाची माहिती खासगी असते आणि मी ती वापरली होती. मेमोतलं एक वाक्यही चूक नव्हतं. मी सही केली.

संशोधनाचे सगळे फोन रेकॉर्ड होत; त्यानंतर सर्जननी तिच्या फोनची रेकॉर्डिंग मागवली. त्यांना मराठी येत नसल्याने मला शेजारी बसवून एकेका वाक्याचा अर्थ विचारत दोनदा ऐकली. ऐकून झाल्यावर फॉर्मवरचे बारा प्रश्न पुन्हा वाचले, तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तिला बोलवा. कारखान्याला सुट्टीचं पत्र मी देतो."

ती आली. त्यांनी स्वतः तिचा हात धरून हळूहळू वर नेला. ती ओठ चावत होती, पण हात गेला. आत बसवलेला स्नायू पक्का होता, सांधा मात्र आखडला होता. आनेकलमध्येच व्यायाम करून घेणारी एक बाई त्यांनी शोधून दिली. वर्षाच्या फोनला ती म्हणाली, "विंचरतो आता. दुखतंय स्वल्प. तीन लिवा."

फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढला: हे काम तुम्ही स्वतः करता का, नाहीतर कोण करतं? संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीची मंजुरी यायला बरेच आठवडे लागले. मग जुन्या सगळ्यांना पुन्हा फोन केले. आमच्याच गल्लीजवळ राहणारे एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "शर्टाची बाही बायको चढवते. हे लिहिलंच पाहिजे का?" आकडे तितकेसे सुंदर राहिले नाहीत. "जुनी उत्तरं पुसणार का?" असं मी सर्जनना विचारलं, तर म्हणाले, "पुसायची नसतात. शेजारी टीप लिहायची." मी नंतर उघडून पाहिलं. टीप होती.

त्यांनी मला कामावरून काढलं नाही. भेटले की मान हलवतात, बोलत नाहीत. त्या महिन्यानंतर फोन करणाऱ्यांच्या पडद्यावर पत्त्याचा रकाना दिसेनासा झाला. आता नाव आणि नंबर एवढंच येतं.