बायनाबाईचा चाकवत

तेलगावच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसलेली बायनाबाई आधी गिऱ्हाइकालाच रागवायची. "पानं कावून चुरगाळतीस गं? घ्यायचं तर घे!" तरी बायका तिच्याकडेच जायच्या. गोष्ट निजामी अमलातली. माझी आई तेव्हा गावात नवी सून होती, आणि बायनाबाईचं नाव निघालं की म्हातारपणीही तिचा चेहरा खुलायचा. मीही न बघताच या बाईच्या प्रेमात आहे.

तिचा नवरा मुंजाजी माळी अबोल आणि हट्टी. त्यानं स्वतःच्या हातांनी विहीर खणली आणि लागलं खारं पाणी. कांदा लावला, तो सुपारीएवढाच राहिला. घेवड्याच्या पानांच्या कडा करपल्या. मुंजाजीनं विहिरीशी अबोलाच धरला. त्या पाण्यावरचं पानसुद्धा तो तोंडात घालीना. ठेचा-भाकरी खायचा आणि जाता-येता एकेक दगड विहिरीच्या काठी आणून टाकायचा. विहीर बुजवायची, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

बायनाबाईला ते बघवत नव्हतं. नवऱ्याचा सगळा घाम त्या विहिरीत गेला होता. "खारं हाय, पर पानीच हाय की," ती म्हणायची आणि वाफ्यापाशी बसून बघत राहायची. पाणी सुकलं की वरंब्याच्या माथ्यावर पांढरी खपली धरते, हे तिला दिसलं. मग ती बी माथ्यावर न टाकता उतारावर टोकू लागली. कोवळा अंकुर खार सोसत नाही, म्हणून रोप मोठं होईपर्यंत नदीचं गोडं पाणी डोक्यावरून आणून घालायची. कांद्याचा, घेवड्याचा नाद तिनं सोडला. चाकवत मात्र त्या विहिरीवर नुसता माजला.

त्याच्या पानांतच मीठ उतरायचं. घरी भाजीला वेगळं मीठ लागायचंच नाही. बाजारच्या बायका चाखून मीठ घालायच्या, त्यांचंही काही अडलं नाही. त्यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे, हे बायनाबाई विसरूनच गेली.

त्या वर्षी महादेवाच्या भंडाऱ्याला तिचाच चाकवत घेतला. भंडाऱ्याचा स्वयंपाक उत्तरेश्वरआप्पांकडे असे. देवाआधी नैवेद्य चाखायचा नाही, म्हणून आप्पा मीठ अंदाजानं घालायचे, आणि त्या अंदाजाचा त्यांना भारी अभिमान. मीठ पडलं, नैवेद्य झाला, पंगत बसली. पहिल्याच घासाला लोकांनी तोंडं वाकडी केली.

"खारी विहीर! देवाला बी सोडलं न्हाई!" कुणीतरी ओरडलं. आमच्या गावाला ओरडायला तेवढं येतं. प्रसाद टाकायचा नसतो, म्हणून मुंजाजीनं मान खाली घालून सगळा गिळला. तिच्या मळ्यातलं पहिल्यांदाच त्यानं खाल्लं, ते हे असं.

"उद्या बुजवतो," तो म्हणाला.

बायनाबाई कढईपाशी धावली. "आप्पा, मीठ घातलं व्हय तुमी?"

"मंग? देवाला अळणी ठिवू?"

"माझंच चुकलं. सांगायचं ऱ्हायलं बगा. ह्याला मीठ लागतच न्हाई!"

ती मळ्यात पळाली, पाटीभर चाकवत खुडून आणला. दुसरी कढई चढली. आप्पांनी सवयीनं मिठाची मूठ भरली.

"आप्पा, नगा."

चाखता येत नव्हतं. पुन्हा बिघडलं तर आप्पांचं नाव जाणार होतं आणि तिची विहीर. आप्पांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मूठ मडक्यात परत रिकामी केली. त्या अभिमानी म्हाताऱ्याला मी यासाठी मनापासून हात जोडतो.

नैवेद्य दाखवून पंगत पुन्हा बसली. घास घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी मुंजाजीनं घेतला. चावताचावता थांबला. वाढणारी माझी आई समोर उभी होती, तिला म्हणाला, "वाढ." खाल्लं, पुन्हा म्हणाला, "वाढ." मग सगळी पंगत हात चालवू लागली.

सकाळी बायनाबाई उठली तर मुंजाजी घरात नव्हता. मळ्याकडून दगड आपटल्याचा आवाज येत होता. ती तशीच पळत सुटली.

मुंजाजी त्या दगडांनी विहिरीचा काठ बांधत होता.

"उभी काय ऱ्हायलीस?" तो म्हणाला. "दगड दे."