धनसिंग सरांची हजेरी

आमच्या गावाला लोक कॉलेजचं गाव म्हणतात. धरणगावकडून एसटीने आलं की आधी कॉलेजची कमान लागते, मग गाव. स्टँडसमोर तीन झेरॉक्सची दुकानं, आणि जवळपास प्रत्येक घरावर एक वरची खोली. त्या खोल्या मुलांना भाड्याने द्यायला बांधल्या. त्यातल्या निम्म्या मी बांधल्या. कॉलेजच्या पहिल्या आठ खोल्याही माझ्याच हातच्या. मी गवंडी होतो. गुडघे गेले तेव्हा थापी आणि ओळंबा ठेवून दिला.

पहिली दहा-बारा वर्षं मुलं खरंच यायची. सकाळी सातला रस्ता सायकलींनी भरायचा. आता कॉलेजच्या कागदावर अकराशे नावं आहेत आणि चांगल्या दिवशी आवारात चाळीस पोरं दिसतात. बाकीची जिनिंगमध्ये आहेत, जळगावला मोबाइलच्या दुकानात आहेत, नाहीतर पोलीस भरतीसाठी सकाळी पळतात आणि दुपारी झोपतात. ॲडमिशनला येतात, स्कॉलरशिपच्या फॉर्मला येतात, परीक्षेला येतात. शिकवणाऱ्यांनाही ते सोयीचं झालं. कोणी कोणाला बोलत नाही. वरच्या खोल्यांत लोक आता कापूस भरून ठेवतात.

माझ्या वरच्या खोलीत मात्र धनसिंग गिरासे राहत. शिंदखेड्याकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. भूगोलात एम.ए., सेट पास. चौदा वर्षं त्यांनी या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचंच मानधन, आणि दर जूनला नव्याने अर्ज. बायको कामिनी खाली माझ्या ओट्यावर मशीन टाकून ब्लाउज शिवायची. मला दोघंही आबा म्हणत.

सरांची एक पद्धत होती. बाकीचे प्राध्यापक हजेरीपटावर आकड्यांपुढे खुणा करून मोकळे होत. सर पूर्ण नावाने हजेरी घेत. आडनाव, नाव, बापाचं नाव. प्रत्येक नावानंतर मान वर करून थांबत, मग खूण करत. वर्गात चार मुलं बसलेली असली तरी एकशे सहा नावं वाचत. पाऊण तासातली दहा-बारा मिनिटं त्यात जात. कॉलेजात त्यांची टिंगल होई. शिपाई म्हणायचा, सर भिंतींची हजेरी घेतात.

मी एकदा विचारलं, कशाला एवढा वेळ घालवता. ते म्हणाले, "हाक न मारता गैरहजर कसं लिहू, आबा?"

मला ते पटलं. मीही विटांच्या प्रत्येक थराला, भिंत सरळ चढते का बघायला, ओळंबा लावत असे. प्लास्टर झाल्यावर आत काय आहे ते कोणी बघत नाही, तरी लावत असे.

गेल्या वर्षी दोन गोष्टी एकत्र आल्या. कॉलेजला भूगोलाची एक कायम जागा भरायला परवानगी मिळाली, आणि जानेवारीत कॉलेजला श्रेणी देणारी समिती तपासणीला येणार असं ठरलं. संस्थेच्या अध्यक्षांनी सरांना बोलावून सांगितलं, तपासणी नीट पार पडू द्या, जागा तुमचीच आहे. सर त्रेचाळीस वर्षांचे झाले होते. ही जागा गेली तर पुढची कधी निघेल ते कोणालाच माहीत नव्हतं. कामिनीने तर स्पष्टच सांगून टाकलं होतं. यंदा झालं नाही तर ती मशीन उचलून धुळ्याला भावाकडे जाणार होती. ती रागाने बोलली नव्हती. बाही जोडता जोडता बोलली होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना कामं वाटून दिली. शेजारच्या गावच्या आयटीआयमधून आणि हायस्कूलमधून दोनशे पोरं टेम्पोने आणायची. त्यांना कॉलेजचा गणवेश घालायचा. प्रत्येकाला एक रोल नंबर पाठ करायला द्यायचा. सरांनी नंबर पुकारायचे, पोरांनी हजर म्हणायचं. एवढंच काम.

गावातून पालकही लागणार होते. माझ्याकडे प्राचार्य स्वतः आले. म्हणाले, आबा, इमारत तुम्ही बांधली, आता तिची लाज राखा. माझी नात मोहिनी जळगावला पिंप्राळ्यात मावशीकडे राहून शिकते, आमच्या कॉलेजात तिने कधी पाय ठेवला नाही. ती इथे दुसऱ्या वर्षाला आहे असं मी सांगायचं होतं. मी हो म्हणालो. धुतलेली टोपी काढून ठेवली.

संध्याकाळी सर ओट्यावर बसले. कामिनीने त्यांना समजावलं. एक दिवसाचं काम आहे, नंबर वाचायचे आहेत, कोणाचा गळा कापायचा नाही. त्यांनी मान हलवली. मी समोर होतो. त्यांनी कबूल केलं होतं, हे मी ठासून सांगतो, कारण नंतर गावात लोक म्हणाले की त्यांनी मुद्दाम केलं.

दुसऱ्या दिवशी आम्हा पंधरा पालकांना व्हरांड्यात खुर्च्या दिल्या. माझी खुर्ची सहा नंबरच्या खोलीच्या खिडकीला लागून होती. आत सरांचा वर्ग. साठ पोरं, घडीच्या रेघा असलेले नवे शर्ट. सर फळ्यावर तापीचं खोरं काढत होते. हाताने, पट्टी न लावता. तेवढ्यात समितीचे तिघे प्राचार्यांबरोबर आत आले. प्राचार्य म्हणाले, चालू द्या सर, हजेरीपासून चालू द्या.

सरांनी हजेरीपट उघडला. त्यात नंबर होते, नंबरांपुढे नावं होती. त्यांनी वाचलं, "अहिरे कुंदन बन्सीलाल."

कोणी बोललं नाही. सरांनी मान वर केली, थांबले, खाली खूण केली.

"बडगुजर ज्योत्स्ना भाईदास."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांनी पाठ केले होते आकडे. सर पुन्हा थांबले. प्राचार्य दोन बोटं वर करून खुणावत होते, नंबर, नंबर. सर तिकडे बघत नव्हते. हजेरी घेताना ते कागद आणि बाक यांच्याशिवाय कुठेच बघत नसत. अशी आठ नावं झाली. मग तिसऱ्या बाकावरच्या एका पोराला काय वाटलं कोण जाणे, "चौधरी हेमांगी" या नावाला तो उठून "हजर सर" म्हणाला. त्याला चांगली मिशी होती. वर्ग हसला. माझ्या बाजूचे एक पालक तोंडावर उपरणं धरून खोकल्यासारखं करू लागले.

सर हसले नाहीत. त्याच्याकडे बघून म्हणाले, "बस. तू हेमांगी नाहीस."

आणि गैरहजरीची खूण केली.

समितीतल्या एकाने तेवढ्यात मोबाइलवरून मान वर केली. विचारलं, इथे स्मार्ट बोर्ड आहे का. प्राचार्य म्हणाले, ऑर्डर दिलेली आहे. मग तिघे बाहेर पडले. दुसरा साहेब चार्जरसाठी जागा विचारत होता. तिसऱ्याने दारातूनच खिडक्या मोजल्या. मिशीवाली हेमांगी त्यांच्यापैकी कोणी पाहिलीच नव्हती. हे मी डोळ्यांनी बघितलं.

मग ते आमच्याकडे आले. मला विचारलं, बाबा, तुमची मुलगी इथे समाधानी आहे का. मी म्हणालो, "नात शे, साहेब. बठ्ठं चांगलं शे." सगळं चांगलं आहे हे सांगताना एकदाही अडखळलो नाही. त्यांनी लिहून घेतलं.

सरांना मी घरी विचारलं, असं कसं झालं. ते म्हणाले, नंबरच वाचायचे ठरवून गेलो होतो, पट उघडला आणि तोंडातून नाव निघालं. एक नाव निघाल्यावर दुसऱ्याचा नंबर कसा वाचणार. कामिनी मशीनवर होती. तिने पाय थांबवला नाही.

मार्चमध्ये निकाल लागला. कॉलेजला आधीपेक्षा वरची श्रेणी मिळाली. कमानीवर फलक लागला, फटाके वाजले, पेढे वाटले. माझ्या घरी आलेला पुडा मी घेतला. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं की तुम्ही संस्था बुडवायला निघाला होता, ती आमच्या नशिबाने वाचली. सरांनी विचारलं, नुकसान काय झालं. प्राचार्य म्हणाले, प्रश्न नुकसानीचा नाही.

मे महिन्यात मुलाखती झाल्या. अध्यक्षांचा पुतण्या भूपेंद्र उमेदवार होता. एक वर्षापूर्वी सेट पास झालेला, शेजारच्या तालुक्यात तासिकेवर. पोरगा वाईट नाही. अध्यक्षांनी दोघांनाही एकच प्रश्न विचारला. तुमच्या वर्गात मुलं किती येतात? भूपेंद्र म्हणाला, ऐंशी टक्के. सर म्हणाले, "चार. पावसाळ्यात तीन." समोर बसलेले सगळे हसले.

या वेळी तोंडातून निघून गेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनीच तसं सांगितलं. विचार करून बोललो, म्हणाले.

आता भूगोल भूपेंद्र शिकवतो. म्हणजे नंबरांपुढे खुणा करतो आणि पाऊण वाजता गाडी काढतो. ती चार मुलंही यायची थांबली. सर पहूरला एका खाजगी क्लासमध्ये लागले. दहावीच्या पोरांना नकाशात रेल्वेचे फाटे भरायला शिकवतात.

कामिनी बोलल्याप्रमाणे गेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिच्या भावाने टेम्पो आणला. मशीन, दोन पेट्या, गॅसची टाकी. सर वरून सामान आणून देत होते, मी खाली लावून घेत होतो. मशीनच्या पायांखाली पोतं घातलं. सर शेवटची पेटी आणायला वर गेले तेव्हा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

म्हणाली, "आबा, त्या दिवशी तुम्ही बोललातच ना खोटं? तुम्हाला काय झालं? काही नाही. मग यांनाच काय झालं होतं?"

सर पेटी घेऊन जिना उतरत होते. मी दोरी आवळत होतो. गाठ सैल बसली होती. सोडली आणि परत बांधली.