बसू नका, चेअरमन!

"सर गेले," असा गावाकडून वर्गमित्र बाळूचा फोन आला. दोनच शब्द, पण कर्ता आहे, क्रियापद आहे. शेटे सरांनी पास केलं असतं.

घाटनांदूरच्या शाळेत सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. अर्धवट वाक्य लिहिलं की छडी नाही, शिव्या नाहीत. वाक्य पुरं होईस्तोवर लिहिणाऱ्यानं हात मागं बांधून उभं राहायचं. 'व्हेन माय फादर केम' एवढंच लिहून मी टिंब दिलं होतं. सर वर्गाकडं बघून म्हणाले, "बाप आला... बरं! मग काय झालं बे? बाप दारात उभा हाय, अन् लेक बसतो कावून?" मी उभा. शेवटी 'आय हिड माय बिडी' सुचलं, वर्ग खदाखदा हसला आणि मी बसलो.

माझ्या बाकावरचा सोबती पुढं गावच्या दूध संस्थेचा चेअरमन झाला. दुष्काळात संस्थेची चारा छावणी ऐन उन्हाळ्यात बंद पडली. जनावरं हंबरतायत आणि हा गडी सभेत अहवाल वाचतो, तोही इंग्रजीत! 'ड्यू टू सिव्हियर ड्रॉट. क्लोजर ऑफ कॅम्प.' वाचून खुर्चीकडं वळला, तोच निवृत्त झालेले सर मागून गरजले, "बसू नका, चेअरमन! 'दुष्काळामुळं'... पुढं? छावणी बंद केली कोणी?"

आणि काय सांगू! सफारीतला तो माणूस उभाच राहिला, हात आपोआप मागं. सभा हसली. "सर... आमी संचालकांनी केली. चारा आमच्याच गोठ्यांत गेला."

"हं. आता बसा."

दुसऱ्याच दिवशी छावणी उघडली.

यंदा पुन्हा पाऊस नाही, पुन्हा छावणीला टाळं, आणि सरांच्या शोकसभेत बोलायला हाच! 'अ ग्रेट लॉस. अ गायडिंग लाइट.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी जन्मभर वाक्यं पुरी करायला लावली, त्यांच्याच फोटोपुढं हे तुकडे? लाज कशी वाटत नाही?

श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिले. शांतता संपली, तसा तो म्हणाला, "बसा मंडळी."

"कोणी बसू नका," मी म्हणालो.

"सर गेले बे आता. बस की!"

"सर गेले. छावणी कोणी बंद केली?"

कोणीही बसलं नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा उभ्या. चेअरमननं एकदा माझ्याकडं रागानं पाहिलं, एकदा फोटोकडं... आणि त्याचे हात हळूच मागं गेले.