कडुलिंबाचे तेवीस ओंडके आणि आम्ही चौघं

कुऱ्हाड हातात घेतली की किस्से आपोआप पडतात यार, ढलप्यांसारखे! तीन महिन्यांत आमच्याकडे लाकडापेक्षा किस्सेच जास्त जमलेत. ऐका.

आधी मामला समजून घ्या. जूनच्या आँधीत दौलतगंजच्या आमच्या मंडळाच्या आवारातला कडुलिंब आडवा झाला. मशीनवाल्यानं त्याचे तेवीस ओंडके केले आणि तो जो गेला, तो गेलाच. ओंडके पडून. गणपती झाल्यावर मीटिंग झाली, तेव्हा अध्यक्ष आबासाहेब म्हणाले, "यंदा दत्तजयंतीचा महाप्रसाद केटररकडे. चुलीला लाकूड कोण फोडणार?"

आता महाप्रसाद म्हणजे सुषमाकाकू. वीस वर्षं त्याच चुलीवर त्यांचं वरण, भात, भरली वांगी. केटरर म्हणजे पनीर! काकू नुसत्या पदराला पीळ देत बसल्या. ते मला बघवेना. मी उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "आम्ही फोडू!"

आबासाहेब हसले. "राधिका, तू? बरं. जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी तेवीसच्या तेवीस फुटलेले पाहिजेत. एक जरी राहिला, तरी केटरर."

"डन!" मी म्हटलं. कुऱ्हाड आजवर हातात धरली नव्हती, ती बात वेगळी.

*

आमच्या टीममध्ये मी, जिमवाला ओंकार, व्हिडिओ बघून सगळं येणारा विक्या, आणि सुपरवायझर काकू.

पहिला वार ओंकारचा. शंभर किलो उचलतो म्हणे! टीशर्टच्या बाह्या वर केल्या, सेल्फी काढला, आणि ओंडक्याच्या बरोब्बर मधोमध कुऱ्हाड हाणली. ती जी अडकली, ती निघेच ना. ओंकार ओंडक्यावर पाय देऊन खेचतोय, लाल-लाल झालाय.

तेवढ्यात गेटवरून रामसेवक भैया चालले होते. किला गेटजवळच्या टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, त्यांनी आयुष्यभर लाकडं फोडलीत. थांबले, बघितलं आणि म्हणाले, "भैया, फाड़ रहे हो कि कुश्ती लड़ रहे हो?"

मग त्यांनी शिकवलं. लाकूड वाळताना त्याला स्वतःच चिरा पडतात, त्या शोधायच्या. मधे मारायचंच नाही, कडेकडेनं सोलत यायचं. "लकड़ी खुद बताती है कहाँ से खुलेगी."

मी चीर शोधली. मारलं. तड़! दोन तुकडे!!

ओंकारनं सेल्फी डिलीट केला.

*

विक्यानं व्हिडिओत बघितलं, की ओंडक्याला जुना टायर घातला तर फोडलेले तुकडे इकडेतिकडे उडत नाहीत. एकदम सही आयडिया! दुसऱ्या दिवशी टायर घेऊन हजर. काम मस्त चाललं, फटाफट चार ओंडके झाले.

दुपारी त्याच्या पप्पांचा फोन. दाल बाज़ारात गाडी पंक्चर, डिकी उघडली तर आत नुसती रिम!

"विक्या, स्टेपनीचा टायर कुठंय?"

"पप्पा, तो ड्यूटीवर आहे."

*

मोठे ओंडके आम्ही तिघं मिळून उचलत होतो. कंबरेचं पूरा भजं झालं. काकू ओरडल्या, "अरे, उचलता कशाला? गोल आहे ना तो? लोळवा की!"

खरंच की! पहार खाली घालून उचकटला, आडवा केला आणि ढकलला. इतकंच, की आवाराला गेटकडे उतार आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ओंडका निघाला. आम्ही मागे, तो पुढे! गेटमधून बाहेर आणि थेट आबासाहेबांच्या स्कूटरला टेकला. स्कूटर हळूच आडवी.

"कुणी केलं हे?" आबासाहेब धावत आले.

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर काकू पुढे. "तुम्हीच म्हणालात ना, पोरांना जमणार नाही? बघा, आता थांबवता येईनात!"

*

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा जोरात असते. सगळ्यांच्या पणजोबांच्या तलवारी हॉलमध्ये ओळीनं. आबासाहेबांची तर लाल मखमलीवर.

म्हटलं, आमचीही हत्यारं ठेवू. कुऱ्हाड ठेवली, घण ठेवला. पण पाचरी? दोन्ही लोखंडी पाचरी आदल्या दिवशी एका गाठाळ ओंडक्यात अशा रुतल्या होत्या की घणानं हलेनात. आणि नवमीला तर हत्यार चालवायचंच नाही!

"मग राहू द्या त्या," आबासाहेब म्हणाले. "पूजा आत होते."

"नाही," मी म्हटलं. "गुरुजी बाहेर येतील."

आले की! गुरुजींनी ओंडक्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला आणि चष्मा वर करून विचारलं, "हे शस्त्र आत का नाही आणलं?"

"गुरुजी, ते अजून लढाईत आहे!"

मखमलीकडे कुणी बघितलं नाही. मी मात्र बघितलं.

(पाचरी निघाल्या दसऱ्यानंतर. त्याच चिरेत बाजूला तिसरी लाकडी पाचर ठोकली, चीर फाकली, दोन्ही टपकन खाली. हीपण रामसेवक भैयांचीच ट्रिक.)

*

दत्तजयंतीचा आदला दिवस. गारठा असा की बोलताना तोंडातून वाफ. भिंतीला फोडलेल्या लाकडांची रास माझ्या खांद्याइतकी. आणि मधे एक ओंडका. तेविसावा.

झाड जिथं दोन फांद्यांत फुटतं, तिथला. आत सगळे रेशे एकमेकांत पिळलेले. त्याच्यावर कुऱ्हाडीचे दोन दांडे मोडले होते, आणि रामसेवक भैयासुद्धा हात जोडून म्हणाले होते, "इसको रहने दो बिटिया, ये नहीं मानेगा."

आबासाहेब आले. सोबत केटरर, हातात मेनूकार्ड. आबासाहेबांनी रास बघितली, मोजल्यासारखं केलं, आणि बोट दाखवलं. "हा राहिला."

मी हाताच्या फोडांकडे बघत उभी राहिले. ओंकारनं घण उचलला, परत खाली ठेवला.

काकू वांग्यांची टोपली घेऊन आल्या. टोपली खाली ठेवली, पदर खोचला, आणि जाऊन त्या ओंडक्यावर बसल्या. ऐसपैस. सुरी काढली.

"फोडायचाय ना, आबासाहेब? फोडा. मी उठत नाही."

आबासाहेबांनी मदतीसाठी केटररकडे बघितलं.

केटररनं मेनूकार्ड खिशात घातलं, चपला काढल्या, आणि टोपलीजवळ उकिडवा बसत विचारलं, "काकी, चीरा चार लगाना है, कि दो?"