सामंत बाईंची काळी बाटली

जव्हारच्या बाजारात औषधांच्या दुकानामागे एखादी चष्मेवाली बाई वाकून रिकाम्या बाटल्या निवडताना दिसली, तर त्या आमच्या सामंत बाई. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायच्या. आम्ही मुलं पाठीमागे त्यांना भंगारवाली म्हणायचो आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "भंगार नाही गं, प्रयोगशाळा आहे ती. फक्त धुवायची राहिलीय," असं म्हणून धुवायला आम्हालाच बसवायच्या.

सुट्टीच्या दिवशी आम्हा मुलामुलींना घेऊन त्या मोखाड्याकडच्या पाड्यांवर जायच्या. आधी एसटी, मग पायवाट. तांदळाच्या रिकाम्या गोणीत आरसे, भिंगं, फुगे आणि घरच्या कुकरमध्ये उकळून घेतलेल्या त्या बाटल्या. बाटलीत औषध लावलेली पट्टी असायची. पाणी घाण असेल तर एक-दोन दिवसांत काळं पडायचं. "सांगू नका, दाखवा. सांगितलेलं कोण लक्षात ठेवतंय?" हा बाईंचा हट्ट.

सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर आम्ही तसंच दाखवलं. घरांना लागून असलेल्या झऱ्याचं पाणी एका बाटलीत, खाली दरीतल्या विहिरीचं दुसरीत. पुढच्या रविवारी सगळा पाडा जमवला आणि मी झऱ्याची बाटली उंच धरली. काळीकुट्ट. विहिरीची मात्र तशीच स्वच्छ राहिली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्या टाळ्या आठवल्या की मला अजून शरम वाटते. बाईंनी पाणी उकळून प्यायला सांगितलं, तेव्हा जनी नावाची एक तरणी सून म्हणाली, "रोज उकळाया लाकडं कुठशी आनायची, बाय?" बाई म्हणाल्या, "बघू, काहीतरी मार्ग काढू." शेवटची एसटी चुकेल म्हणून आम्ही निघालो.

परीक्षांमुळे पुन्हा जायला उन्हाळा उजाडला. पाड्यावरच्या सगळ्या बायका आता दरीतून पाणी आणत होत्या. जनी भरला हंडा घेऊन चढताना घसरली होती. पायाचं हाड मोडलं ते वाकडं जुळलं, त्या वर्षी तिला मजुरीलाही जाता आलं नाही. आम्हाला कोणी बोल लावला नाही. उलट चहा पाजला.

"पाणी वाईट आहे हे दाखवलं आणि तेच चांगलं कसं करायचं ते न सांगता एसटी गाठली," बाई परतताना म्हणाल्या. "हे विज्ञान नव्हे, नुसती चहाडी झाली."

मग अख्खी मे महिन्याची सुट्टी आम्ही झऱ्यावर काढली. तो उपसला, दगडांनी बांधला, गुरांसाठी खालच्या अंगाला वेगळा खड्डा केला. पुन्हा बाटली भरली. पाणी जराही काळं पडलं नाही. पाडा जमवून तीही दाखवली, पण या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारी म्हणाली, "ही आज आनली तुमी. ती काळी त आमी डोळ्यांनी पायली. नातवाच्या मोबाइलात हाय अजून." बाईंनी सगळ्यांसमोर झऱ्याचं पाणी ओंजळीने पिऊन दाखवलं. "तुमच्यापाशी दवाच्या गोळ्या असतील," म्हातारी म्हणाली. बायका हंडे उचलून दरीच्या वाटेला लागल्या. खरं पटवण्यात आम्ही फारच हुशार निघालो होतो.

बाई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे नाशिकला जायचं ठरलं. निरोप घ्यायला बाई आणि मी, आम्ही दोघीच पाड्यावर गेलो. जनी घरी नव्हती, म्हणून ओट्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती डोक्यावर हंडा घेऊन लंगडत वर आली. बाई उठल्या. "जनी, माझं चुकलं गं. तुझी माफी मागायला आलेय."

"कसली माफी, बाय? तुमी त खरं दाखवलं." हंडा उतरवून तिने पेला विसळला, भरला आणि बाईंपुढे धरला. "पोरं सांगत आली, बाय येतेत. मंग खाली गेले. तुमाला वरचं पानी कसं देऊ?"

बाईंनी पेला दोन्ही हातांनी घेतला. घरामागे झऱ्याचं पाणी वाजत होतं. जनी धापा टाकत समोर उभी होती. थेंबही न ठेवता बाई ते पाणी प्यायल्या, आणि तिच्या पायाकडे बघायचं धाडस आम्हा दोघींनाही झालं नाही.