मिठाची गोळी

नातीच्या औषधाच्या बाटलीतून स्पिरिटचा वास आला आणि घाटकोपरचा होमिओपॅथीचा दवाखाना आठवला. संपात गिरणीतली नोकरी गेल्यापासून माझ्या नवऱ्याचं डोकं सतत दुखायचं. डॉक्टरांनी तहान, झोप विचारली, मग म्हणाले, "रडू येतं का?" मी हसणार, तेवढ्यात हे म्हणाले, "येतं. हिच्यासमोर नाही." डॉक्टरांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. "नेट्रम म्यूर. डोकेदुखीवर आणि मनात कोंडलेल्या दुःखावर. मिठापासून करतात." मी म्हटलं, "मीठ तर मी रोज वाढते." कुणी हसलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" "तू म्हणशील, बायकांसारखे काय रडता!" "मग? म्हणेनच!" त्यानंतर मरेपर्यंत ते कधी डोकं दुखतं म्हणाले नाहीत. गोळ्यांचा गुण आला की त्यांनी सांगायचंच सोडलं, मला आजही ठाऊक नाही.